लाकडी बैल, कापडी बाहुली आणि आयएसआयचा शिक्का

पोळा जवळ आला की कन्हानच्या गल्ल्यांत रंध्याचा आवाज वाढतो. सुतारकाम करणारे काका दारे-खिडक्यांची कामे आटोपून उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून बैल घडवू लागतात. खाली चाके, गळ्यात घुंगरू, पाठीवर लाल-पिवळा रंग आणि पुढे ओढायला दोरी. तान्ह्या पोळ्याला लेकरे हे बैल मिरवतात. पोळा कोणी पाळतो, कोणी पाळत नाही; पण शेजारच्या पोराच्या हातात चाकांचा बैल दिसला की आपल्या घरचे लेकरूही हट्ट धरतेच.

त्याच गल्लीत आपल्या काही भगिनी कपड्याच्या उरलेल्या तुकड्यांतून बाहुल्या, हत्ती, पाळण्यावरची चिमणाळी शिवतात आणि बचत गटाच्या दुकानात किंवा जत्रेत विकतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर चादर अंथरून बसतात.

यंदा या कामाबद्दल दोन प्रश्न आमच्याकडे आले. बाहुल्या शिवणाऱ्या एका ताईने विचारले, "आयएसआयचा शिक्का नसेल तर खेळणे विकणे गुन्हा आहे म्हणतात. आम्ही शिवणे बंद करायचे काय?" दुसरा प्रश्न एका तरुण आईचा होता. "शिक्का नसलेला बैल लेकराने तोंडात घातला तर त्याला काही होईल काय?" एकीला पोटाची काळजी, दुसरीला लेकराची. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकाच नियमात आहे, म्हणून या वेळी दोघींना एकत्रच उत्तर देत आहोत.

नियम काय आहे?

केंद्र सरकारने 25 फेब्रुवारी 2020 रोजी खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. 14 वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून बनवलेली कोणतीही वस्तू त्यात येते. लेकराने दोरी धरून ओढायचा लाकडी बैल येतो, भोवरा येतो, खुळखुळा येतो, कापडी बाहुलीही येते. अशा वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का असल्याशिवाय ती बनवता, साठवता किंवा विकता येत नाही.

हा नियम मोडल्यास 2016 च्या मानक ब्युरो कायद्यात पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंडाची तरतूद ठेवली आहे. म्हणजे ताईने ऐकले ते अगदीच खोटे नव्हते. पण ते अर्धेच होते. उरलेले अर्धे पुढे सांगतो. आधी हा नियम आला कशासाठी, ते पाहू.

नियम लेकरासाठी आहे

2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातील आयात खेळणी तपासली तेव्हा सुमारे 67 टक्के खेळणी सुरक्षेच्या तपासणीत नापास झाली. कुठे धार होती, कुठे सुटणारे भाग होते, कुठे रंगात आणि प्लास्टिकमध्ये घातक रसायने होती. खेळण्यांसाठी जी भारतीय मानके आहेत, ती याच धोक्यांवर बेतलेली आहेत. एका भागात टोक, धार, लहान सुटे भाग आणि दोरी यांची तपासणी आहे. दुसऱ्यात खेळणे किती पटकन पेट घेते ते पाहतात. तिसऱ्यात रंगातून शिसे, पारा, कॅडमियम असे विषारी धातू किती सुटतात ते मोजतात. विजेवर व बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी वेगळे मानक आहे.

यातला शिशाचा धोका नीट समजून घ्या, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. भडक पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा रंग देण्यासाठी शिशाची संयुगे वर्षानुवर्षे वापरली गेली. रंग सुकल्यावर वास येत नाही, चव खटकत नाही. दात येणारे लेकरू बैलाचे शिंग चघळते, रंगाची खपली पोटात जाते. पोटात गेलेल्या शिशातला जो भाग मोठ्या माणसाच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाचे शरीर शोषून घेते. हे शिसे हाडांत साठते, रक्त कमी करते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. लेकरू चिडचिडे होते, लक्ष लागत नाही, शिकण्यात मागे पडते. घरचे म्हणतात, पोरगा ढ आहे. मेंदूची ही हानी नंतर औषधाने भरून येत नाही. रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे.

युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे. भारतात अशा मुलांची संख्या 27 कोटींहून अधिक मांडली आहे. हे सगळे शिसे खेळण्यांतून येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम, जुना रंग, भेसळीची हळद, काही भांडी, असे त्याचे अनेक रस्ते आहेत. पण खेळण्याचा रस्ता सरळ लेकराच्या तोंडात जातो.

आपल्या बस्त्यांत आणखी एक गोष्ट जोडून येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे 69 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. ज्या शरीरात लोह कमी असते, ते शिसे जास्त ओढून घेते. म्हणजे जे लेकरू आधीच अशक्त, त्यालाच विष जास्त लागते.

मग काकांचे काय?

नियम योग्य आहे. पण तो कारखान्याच्या मापाने बेतलेला आहे. आयएसआय परवाना हवा तर अर्ज, जागेची तपासणी, नमुन्यांची प्रयोगशाळेत चाचणी, दरवर्षीचे शुल्क आणि स्वतःच्या जागेत चाचणीची सोय, इतके लागते. लहान उद्योगांना शुल्कात आणि चाचणीच्या सोयीत काही सवलती दिल्या गेल्या आहेत. तरीही पोळ्याच्या एका महिन्यात शंभर-दीडशे बैल बनवणाऱ्या माणसाला हा खर्च झेपत नाही. लाखो खेळणी काढणारा कारखाना तोच खर्च प्रत्येक खेळण्यावर काही पैशांत वाटून टाकतो.

हे दुखणे फक्त आपले नाही. 2007 मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने शिशाच्या रंगामुळे लाखो खेळणी बाजारातून परत घेतली. लोक संतापले आणि 2008 मध्ये तिथे मुलांच्या वस्तूंसाठी कडक कायदा झाला. पण त्याचा पहिला फटका घरी लाकडी खेळणी आणि बाळाचे कपडे बनवणाऱ्या लहान कारागिरांना बसू लागला. त्यांनी एकत्र येऊन आवाज उठवला. 2011 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि थोडा माल काढणाऱ्यांना बाहेरच्या प्रयोगशाळेतील बऱ्याच चाचण्यांतून सूट मिळाली. मात्र रंगातील शिसे आणि लहान सुटे भाग, या दोन गोष्टींची तपासणी त्यांनाही माफ झाली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

उरलेले अर्धे उत्तर: सूट कोणाला?

आपल्याकडे आदेश लागू होण्याआधीच, डिसेंबर 2020 मध्ये, त्यात दुरुस्ती झाली. दोन प्रकारच्या वस्तूंना आयएसआय शिक्क्याच्या सक्तीतून वगळले.

पहिली सूट: केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयातील विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तू.

दुसरी सूट: भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू, जशी कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी.

आपल्या गल्लीतल्या कामाला पहिली सूट उपयोगाची आहे. त्यासाठी कारागिराचे ओळखपत्र मिळते, त्याला 'पहचान' कार्ड म्हणतात. ते आधारशी जोडलेले असते आणि ज्याचे हात काम करतात त्या माणसाच्या नावावर निघते. म्हणून बचत गटातील दहा जणी बाहुल्या शिवत असतील तर दहा जणींनी आपापली नोंदणी करावी.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. उद्यम नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे. बचत गटाचे प्रमाणपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे. नगर परिषदेचा व्यवसाय दाखला म्हणजेही नव्हे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारे, असे दोन्ही कारागीर येतात. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांचा 500 रुपये भत्ता आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, कमी व्याजाचे कर्जही आहे. ती योजना जरूर घ्या, अर्ज सेवा केंद्रातून होतो. पण शिक्क्याच्या सक्तीतून सूट देणाऱ्या आदेशात नाव आहे ते विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या नोंदणीचे. दोन कागद वेगळे आहेत.

चौकशीसाठी नागपूरचे हस्तकला सेवा केंद्र आणि जिल्हा उद्योग केंद्र आहे. मानक ब्युरोचे शाखा कार्यालयही नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. जाताना आधार, बँकेचे पासबुक, फोटो आणि स्वतः बनवलेली दोन-तीन खेळणी सोबत न्या. कार्ड मिळाले की त्याची झेरॉक्स दुकानावर ठेवा.

तेव्हा ताई, शिवणे बंद करायचे नाही. नोंदणी करायची.

सूट शिक्क्यातून आहे, काळजीतून नाही

आता तरुण आईच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेने लहान कारागिरांना सूट देतानाही रंगातले शिसे आणि सुटे भाग यांची तपासणी ठेवली. आपल्याकडे नोंदणीकृत कारागिराला शिक्क्याची सक्तीच नाही. म्हणून त्याच्या हातचे खेळणे कोणी तपासेलच, याची खात्री नाही. जे काम प्रयोगशाळेने केले असते, ते आता काकांच्या आणि ताईंच्या हातांवर आले आहे. शिसे कारखान्यातल्या रंगातून आले काय आणि ओळखीच्या काकांच्या डब्यातून आले काय, लेकराच्या रक्तात ते सारखेच काम करते.

समाधान एवढेच की हातकामात ही काळजी घ्यायला फार पैसा लागत नाही. पुढच्या गोष्टी बनवणाऱ्यांसाठी आहेत.

- रंगाचा डबा वाचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. तसे डब्यावर छापलेले असते. छापलेले नसेल तर तो डबा खेळण्यासाठी घेऊ नका. सुटा, बाटलीत काढून दिलेला रंग नको.
- यंत्राचा रंग खेळण्याला लावू नका. आपल्या भागात खाणी आहेत, कारखाने आहेत, गॅरेज आहेत. गाड्यांचा, यंत्रांचा, लोखंडी सामानाचा उरलेला रंग स्वस्तात किंवा फुकट मिळतो. 90 पीपीएमचा नियम अशा औद्योगिक रंगांना लागू नाही. तो कितीही चमकदार असला तरी लेकराच्या बैलावर नको.
- न रंगवलेला बैलही सुंदर दिसतो. पॉलिश पेपरने गुळगुळीत घासलेले सागाचे लाकूड तसेच ठेवा. चघळण्याच्या वयाच्या लेकरासाठी हाच उत्तम. जुन्या दाराचे, खिडकीचे रंग दिलेले लाकूड खेळण्याला वापरू नका.
- खिळ्याऐवजी खुंटी. शिंगे, कान, चाके लाकडी खुंटी आणि चिकट यांनी बसवा. बसवल्यावर जोर लावून ओढून पाहा. तुमच्या हाताने निघाले तर लेकराच्या दातानेही निघेल.
- घुंगरू आणि मणी. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याला घुंगरू, मणी, टिकल्या, आरसे चिकटवू नका.
- बाहुलीचे डोळे भरतकामाचे करा. बटण किंवा मणी शिवू नका. शिवण दुहेरी घाला. आत नवा, स्वच्छ कापूस भरा, झाडलोटीतल्या चिंध्या नकोत.
- दोरी आखूड ठेवा, तिला सरकता फास ठेवू नका.

आईबाबांनी काय पाहावे?

दुकानातले खेळणे घेताना आयएसआय शिक्का आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहा. हा क्रमांक 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होतो. मोबाइलवरील 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की खरा की खोटा ते कळते. कारागिराकडून घेताना त्याचे कार्ड विचारा आणि रंग कोणता लावला तेही विचारा. आपल्या माणसाला विचारायचे कसे, असा संकोच करू नका. चांगला कारागीर अशा प्रश्नाने रागावत नाही.

लहान भागाची परीक्षा घरीच करता येते. प्रयोगशाळेत त्यासाठी 31.7 मिलिमीटर रुंद तोंडाचे नळकांडे वापरतात, म्हणजे साधारण सव्वा इंच. बाळाची सव्वा इंची बांगडी तेवढीच असते. ती नसेल तर पुठ्ठ्याला सव्वा इंचाचे भोक पाडा. खेळण्याचा जो भाग किंवा तुकडा त्यातून आरपार जातो, तो तीन वर्षांखालील लेकराच्या घशात अडकू शकतो. दहा रुपयांचे नाणेही त्यातून जाते, हे ध्यानात ठेवा.

पाळण्यावरची चिमणाळी बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधा. बाळ हात-गुडघ्यांवर उठू लागले की ती काढून ठेवा, कारण दोरी गळ्यात अडकू शकते. जत्रेतल्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांत गोल चपटी बॅटरी असते. तिचे झाकण स्क्रूने बंद नसेल तर खेळणे घेऊ नका. अशी बॅटरी गिळली तर ती दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकते. उलटी करवत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

घशात काही अडकले तर

लेकरू खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास लागेना, ओठ निळे पडू लागले तर एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच हे करावे.

एक वर्षाखालील बाळाला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारा. निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत आलटूनपालटून करत राहा.

एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा मारा. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असा पाच वेळा झटका द्या. वस्तू निघाली तरी नंतर डॉक्टरांना दाखवा.

दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी खोल जाते. लेकरू बेशुद्ध झाले तर 108 वरून जे सांगतील तसे करा.

शिशाची शंका आली तर

रंग उडालेले जुने खेळणे लेकराच्या हातातून काढा. ते घरात खरवडू नका, चुलीत जाळू नका. फरशी ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी लेकराचे हात साबणाने धुवा. घरातले कोणी बॅटरीचे किंवा रंगकाम करत असेल तर त्यांनी अंग धुऊन, कपडे बदलूनच लेकराला घ्यावे.

लेकराला उपाशीपोटी ठेवू नका, रिकाम्या पोटात शिसे जास्त शोषले जाते. मेथी, चवळी, हरभरा, तीळ, अंडी, जमेल तेव्हा मटणाची कलेजी आणि सोबत लिंबू किंवा आवळा द्या. अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण पाजा. पोटदुखी, बद्धकोष्ठता, फिकेपणा, चिडचिड टिकून राहिली तर डॉक्टरांना खेळण्याची आणि घरच्या कामाची माहिती द्या. रक्तातील शिशाची चाचणी वेगळी असते, नेहमीच्या रक्ततपासणीत ती होत नाही. म्हणून तिचे नाव घेऊन विचारा.

एकट्याने नको

'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास यांनी याच भागातल्या बिडी कामगारांना संघटित केले, ते एकेकट्या कामगाराचे कोणी ऐकत नव्हते म्हणून. खेळणी बनवणाऱ्यांनाही तेच लागू पडते. एकट्या काकांना 90 पीपीएमचा चांगला रंग महाग वाटेल. आठ जणांनी मिळून मोठा डबा घेतला तर तोच परवडेल. नोंदणीसाठी एकटीने नागपूरला खेटे घालण्यापेक्षा गटाने अर्ज भरून एकाच दिवशी जावे. विहारात रविवारी माणसे जमतात, तेव्हा तासभर बसून शिकलेल्या मुला-मुलींनी हे अर्ज भरून द्यावेत आणि सव्वा इंचाचे भोक पाडलेला पुठ्ठा घरोघरी द्यावा.

पोळ्यापर्यंत थांबू नका. रंग घेण्याआधी डबा वाचायला आणि अर्ज भरायला या महिन्यातच सुरुवात करा.